पडद्यामागचे दफ्तर

लखनौच्या छावणीचा प्रशस्त, वृक्षाच्छादित मुलूख मागे टाकून रायबरेलीच्या सडकेला लागले म्हणजे जी गजबजलेली वस्ती भेटते तिचे नाव तेलीबाग. आणि ज्या शहरात कैसरबाग, सिकंदरबाग अशी बादशाही इतमामाची नावे पावलोपावली कानी पडतात, त्या शहराच्या वेशीवरील एका बागेला घाण्यावर राबणाऱ्या जातीचे नाव असावे, ही गोष्ट मराठी माणसाच्या कानाला चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. आज तेथे बागेपेक्षा दुकानांच्या पाट्या आणि विटांची घरेच अधिक. परंतु याच परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे केंद्रीय विद्यापीठ उभे आहे, आणि हीच सडक पुढे मोहनलालगंज या तहसिलीच्या गावी जाते, ज्या तहसिलीतील अतरौली नामक खेड्यात हिंदीचा एक थोर विनोदकार जन्मास आला. या दोन योगायोगांमुळे तेलीबाग माझ्या मनात एका निराळ्याच विषयाशी निगडित झाली आहे.

दूरचित्रवाणीवरील एखादी उपहासप्रधान मालिका गाजली की तिच्या पडद्यामागच्या हकिकती ऐकण्याची हौस सर्वांनाच असते: कोणत्या नटाला कोणती भूमिका कशी लाभली, कोणता प्रसंग ऐनवेळी गाळला गेला, कोणते नाव आधी ठरले होते आणि मागाहून का बदलले. या हौसेला मी हसत नाही, कारण ती मलाही आहे. मात्र ज्या विनोदाचा विषय विद्येच्या आवारातील उच्चनीचता, मग ती वर्णाची असो वा जातीची, हा असतो, त्याच्या पडद्यामागे डोकावले असता रंगपटातील रंगाच्या डब्यांपेक्षा दफ्तरातील बासनेच अधिक हाती लागतात. कोणी अर्ज केला, कोणी तो अडविला, कोणत्या कागदावर कोणता शेरा पडला, यांतच त्या कलेचा निम्मा इतिहास दडलेला असतो.

या कथेचा आरंभ लखनौपासूनच करता येईल. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, आणि त्याच साली लखनौत, अद्याप तख्तावर न बसलेल्या वाजिद अली शहाने राधा-कन्हैयाचा किस्सा रंगमंचावर आणला. दोन दूरस्थ प्रांतांतील नाट्यकलेची जन्मतिथी अशी एकाच वर्षी पडावी याचे कौतुक अनेकांनी केले आहे. मला त्यातील दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटते. दोन्ही ठिकाणी आश्रय देणारा आणि परवानगी देणारा एकच होता. सांगलीकरांनी आज्ञा केली म्हणून भावे नाटककार झाले. लखनौत तर आज्ञा करणारा आणि खेळ रचणारा एकाच देहात नांदत होता. अशा रंगभूमीला अर्ज करावा लागत नाही, आणि म्हणूनच तिला कोणाला बोचेल असे काही बोलण्याचे कारणही सहसा पडत नाही.

पुढे अवघ्या १२ वर्षांनी, म्हणजे अवधचे राज्य इंग्रजांनी खालसा करण्याच्या आदल्या वर्षी, पुण्यात एका अठ्ठावीस वर्षांच्या शिक्षकाने एक नाटक लिहिले आणि ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे रीतसर सादर केले. शिक्षकाचे नाव जोतीराव फुले, नाटकाचे नाव 'तृतीय रत्न'. दक्षिणेचा हा निधी मूळचा पेशवाईतील. विद्वान ब्राह्मणांना वाटण्याच्या रकमेपैकी काही भाग नव्या सरकारने मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ वळविला होता. म्हणजे ज्या निधीच्या उगमावरच फुल्यांच्या नाटकातील विनोद कोसळत होता, त्याच निधीच्या दाराशी ते नाटक घेऊन उभे राहिले होते. यात भाबडेपणा होता की खोचकपणा, हे ज्याने त्याने ठरवावे. मला स्वतःला दोहोंचे मिश्रण दिसते.

नाटकाची कथा साधी आहे. एका गरोदर कुणबी स्त्रीच्या दारी जोशीबुवा येतात, ग्रहांचे भय घालतात, आणि मग ब्राह्मणभोजन, दक्षिणा, त्यासाठी काढलेले कर्ज, असा तो संसार पायरीपायरीने खाली उतरत जातो. एक पाद्री येऊन वाद घालतो. या साऱ्यांच्या मध्ये एक विदूषक वावरतो, जो कथेत कोणी नाही आणि तरी सर्वत्र आहे. तो प्रेक्षकांकडे वळून जे बोलतो तेच खरे नाटक. अखेरीस कुणबी नवराबायको आपली फसवणूक ओळखतात आणि रात्रीच्या शाळेत जाण्याचा निश्चय करतात. विद्या हाच तो तिसरा डोळा. माझ्या समजुतीप्रमाणे मराठीत जातीच्या उपहासाची आणि शाळेची गाठ पहिल्यांदा इतकी घट्ट बांधली गेली ती येथेच. शाळेच्या दाराशी येऊन संपणारे नाटक त्यापूर्वी कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

कमिटीने नाटक नाकारले. फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त, १८७३ साली, या नकाराची हकिकत स्वतः नमूद केली आहे: भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असा तिचा आशय. नाटक बासनात गेले ते १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकातून छापून बाहेर आले. एकशे चोवीस वर्षे! मधल्या काळात किर्लोस्करांचे सौभद्र आले, देवलांची शारदा आली, गंधर्वांचा सुवर्णकाळ आला आणि गेला, कीचकवधावर बंदी आली आणि उठलीही. आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासाचे खंडच्या खंड हे एक पान कोरे आहे हे न जाणताच लिहिले गेले.

फुल्यांच्या अनुयायांनी यातून एक धडा घेतला असावा. त्यांनी कमिटीचा नादच सोडला. ढोलकी, तुणतुणे, गावाबाहेरचे मोकळे मैदान आणि मशालीचा उजेड, एवढ्या सामग्रीवर सत्यशोधक जलसा उभा राहिला. गण, गौळण, वग हा तमाशाचा साचा तसाच ठेवून त्यातील मजकूर पालटला गेला. ओतूरचे भीमराव महामुनी यांचे नाव या कामी आद्य म्हणून घेतात. पुढे विसाव्या शतकात आंबेडकरी जलसा आला, त्यात नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा फड विशेष गाजला, आणि आपल्या दहा सभा एकीकडे व कर्डकांचा एक जलसा एकीकडे, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण त्या मंडळींत अभिमानाने सांगितली जाते. या जलशांतून शाळेचा विषय वारंवार येई, कारण पोराला शाळेत घाला हेच तर सांगायचे असे. तथापि जलशाला पुस्तक नव्हते. जे छापलेच जात नाही ते जप्त कसे करणार? सरकारी दफ्तराच्या दृष्टीने हा प्रकार वाऱ्यासारखा होता.

उत्तरेत मात्र ही मंडळी छापखान्याकडे वळली आणि अर्थातच दफ्तराच्या तावडीत सापडली. कानपूरकडचे ललई सिंह यादव हे नाटककारही होते. शंबूक आणि एकलव्य, म्हणजे विद्या व तप यांचा हक्क नाकारला गेलेले पुराणातील दोन विद्यार्थीच म्हणा ना, हे त्यांच्या नाटकांचे विषय. त्यांनी पेरियारांच्या रामायणविषयक पुस्तकाचा हिंदी अवतार 'सच्ची रामायण' या नावाने प्रसिद्ध केला, तेव्हा लखनौच्या सचिवालयातून १९६९ च्या डिसेंबरात तो जप्त करण्याचा हुकूम सुटला. ललई सिंह न्यायालयात गेले. १९७१ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला, आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून, तो निर्णय कायम केला. हुकूम कशामुळे पडला? पुस्तक चांगले की वाईट, या प्रश्नामुळे नव्हे. तर जप्तीच्या हुकमात आपल्या मताची कारणे सरकारने लिहिलीच नव्हती, कायद्याने ती लिहिणे आवश्यक होते, म्हणून. ज्या दफ्तराने आयुष्यभर इतरांच्या अर्जातील त्रुटी काढल्या, त्याच्याच कागदात त्रुटी निघाली. एखाद्या प्रहसनकाराने असा शेवट योजला असता तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

आता तेलीबागेच्या सडकेवरील त्या विनोदकाराकडे वळू. श्रीलाल शुक्ल यांचा जन्म १९२५ च्या डिसेंबरातील अखेरच्या दिवशी झाला. अलाहाबादेस शिकून १९४९ साली ते प्रांतिक मुलकी सेवेत दाखल झाले, आणि पुढे भारतीय प्रशासन सेवेतून १९८३ साली निवृत्त झाले. म्हणजे हा गृहस्थ दफ्तराच्या बाहेर उभा राहून खडे मारणारा नव्हे. आतल्या खुर्चीवर बसून, समोरच्या बासनांची धूळ नाकात घेऊन लिहिणारा. 'राग दरबारी' ही कादंबरी त्यांनी १९६४ च्या अखेरीस आरंभली आणि १९६७ साली पूर्ण केली. १९६८ साली ती प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या तारखांच्या मधल्या सांदीत एक कारकुनी प्रकरण आहे. सरकारी नोकराला पुस्तक छापण्यास सरकारची अनुमती लागे, आणि जे पुस्तक सरकारी यंत्रणेच्या प्रत्येक सांध्यावर हसते त्याच्या अनुमतीचा कागद जलद हलावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तो रेंगाळला. कादंबरीत लंगड नावाचे एक पात्र आहे, जो लाच न देता तहसिलीतून एका दस्तऐवजाची नक्कल मिळविण्याचा पण करून बसतो आणि कादंबरीभर खेटे घालीत राहतो. आपल्या अर्जाची वाट पाहणाऱ्या शुक्लांना स्वतःच्याच पात्राची आठवण झाली नसेल काय?

कादंबरीचा आरंभ शहराच्या कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकपाशी होतो, आणि तेलीबागेसारख्या वेशीवरच्या नाक्यावर उभे राहिले की हा प्रसंग येथलाच असावा असे उगीचच वाटू लागते. तिचे केंद्र मात्र शिवपालगंज या काल्पनिक गावातील छंगामल विद्यालय इंटरमीजिएट कॉलेज हे आहे. वैद्यजी त्याचे सूत्रधार, प्रिन्सिपलसाहेब त्यांचे आज्ञाधारक, रुप्पनबाबू हे विद्यार्थ्यांचे पुढारी, आणि खन्ना मास्तर विरोधी पक्ष. शिकणे सोडून त्या संस्थेत सर्व काही चालते. जातीचा प्रश्न शुक्लांनी मोठ्या आवाजात मांडलेला नाही. परंतु गावापासून निराळ्या वसलेल्या चमरही या दलित वस्तीचे, आणि तिच्या व गावाच्या दरम्यान गांधींच्या नावे बांधलेल्या, मात्र कुत्र्यांनाच उपयोगी पडणाऱ्या चौथऱ्याचे जे वर्णन त्यांनी केले आहे, ते वाचून वाचक हसतो आणि लगेच वरमतो. माझी एक तक्रार आहे. चमरहीतील कोणी छंगामल विद्यालयाच्या वर्गात येऊन बसला आणि त्याच्या डोळ्यांनी ते विद्यालय आपल्याला दिसले, असे या थोर कादंबरीत घडत नाही. चौथरा बाहेरूनच दिसतो.

१९८६ साली ही कादंबरी दूरदर्शनवर मालिकेच्या रूपाने आली. तेव्हा दूरदर्शन म्हणजे सरकार, आणि घरोघरी दिसणारी वाहिनी ती एकच. ज्या सरकारकडे पुस्तकाच्या परवानगीचा कागद अडून राहिला होता, त्याच सरकारी जातीच्या यंत्रणेने दोन दशकांच्या आत ती थट्टा स्वतःच्या खर्चाने लाखो घरांत पोहोचविली, आणि शुक्लांनीही पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत या लोकप्रियतेचा समाधानाने उल्लेख केला. सरकार सुधारले, असा याचा अर्थ मी घेत नाही. दफ्तराला विस्मरण फार लवकर होते, एवढाच घेतो.

येथे समुद्रापलीकडील एका उदाहरणाची आठवण होते. अमेरिकेत जस्टिन सिमियन नावाच्या तरुणाने, चॅपमन विद्यापीठातील आपल्या विद्यार्थिदशेच्या अनुभवांवरून, गोऱ्यांच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मूठभर कृष्णवर्णी विद्यार्थ्यांची कथा २००७ च्या सुमारास लिहावयास घेतली. पहिले नाव 'दोन टक्के'. मागाहून ते 'डिअर व्हाइट पीपल' असे झाले. कोणत्याही चित्रसंस्थेच्या दाराशी तिष्ठत बसण्याऐवजी त्याने प्राप्तिकराच्या परताव्याच्या पैशांतून नमुन्याचा एक छोटा बोलपट केला आणि थेट जनतेकडे वर्गणी मागितली. चाळीस हजारांहून अधिक डॉलर जमले. २०१४ साली चित्रपट आला, २०१७ साली त्याची मालिका निघाली, आणि चार पर्वांनंतर २०२१ साली ती संपली. तिची जाहिरातफीत बाहेर पडताच केवळ नावावरून संतापलेल्या मंडळींनी वाहिनीची वर्गणी बंद करण्याचे आवाहन केले. फुल्यांची कमिटी पाच-दहा जणांची होती. आता कमिटीत कोणीही बसू शकतो.

त्या पटकथेविषयीची एक गोष्ट पडद्यामागच्या गमतींत नेहमी सांगतात, पण ती गंमत नव्हे. गोरे विद्यार्थी तोंडाला काळे फासून मेजवानी करतात, हा प्रसंग अवास्तव वाटेल म्हणून सिमियनने गाळला होता. इतक्यात २०१० साली सॅन दिएगो येथील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तशीच एक मेजवानी खरोखर योजल्याचे वृत्त आले, आणि प्रसंग पुन्हा पटकथेत गेला. चित्रपटाच्या अखेरीस नामावलीबरोबर अशा खऱ्या मेजवान्यांची छायाचित्रे दाखविली आहेत. मालिकेत निवेदकाचा एक भारदस्त आवाज आहे, कथेत असून नसलेला. तो ऐकताना मला 'तृतीय रत्ना'तील विदूषक आठवला, आणि दोघांची भेट कधी झाली नाही याचे हसूही आले. पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात मात्र सारा विनोद थांबतो. बॅरी जेंकिन्स यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या भागात आवारातील शिपाई एका कृष्णवर्णी विद्यार्थ्यावर पिस्तूल रोखून ओळखपत्र मागतो. पुन्हा कागद! आपण येथले आहोत हे सिद्ध करणारा कागद.

आपल्याकडे या कागदाचे ओझे एकदा खाली उतरले होते, ते औरंगाबादेत. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेथे महाविद्यालय काढले. १९५१ च्या १ सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची कोनशिला बसविली. बाबासाहेबांनी संस्थेला नाव दिले ते मिलिंदाचे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. ज्याने उत्तरे दिली त्या नागसेनाचे नाव आवाराला मिळाले. विद्यालयाला उत्तर देणाऱ्याचे नाव द्यावे अशी आपली रीत; येथे ती उलटी झाली. प्राचार्य म. भि. चिटणीस हे जन्माने कायस्थ. त्यांनी बाबासाहेबांच्या प्रेरणेने 'युगयात्रा' हे नाटक लिहिले, आणि १९५५ च्या सुमारास महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, बाबासाहेबांच्या उपस्थितीत, विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. युगानुयुगे चालत आलेल्या अस्पृश्यतेची ती यात्रा, ज्यांच्या घरी ती चालत आली होती त्यांच्या मुलांनीच सादर केली. फुल्यांचे नाटक कमिटीने परत केले त्याला तेव्हा साधारण शंभर वर्षे होत होती. पुढे १९५६ च्या ऑक्टोबरात, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या प्रसंगी, जमलेल्या अफाट समुदायासमोर त्याचा प्रयोग झाला.

'युगयात्रा' हे प्रहसन नव्हे. ते गंभीर आहे, काही ठिकाणी प्रवचनवजा आहे, आणि याचे कारण मला असे दिसते की आवार स्वतःचे, संस्था स्वतःची, परवानगी देणारा समोरच बसलेला आणि तोही आपल्यापैकी, असे असले म्हणजे टोचून बोलण्याची गरज ओसरते. सांगलीकरांच्या दरबारातील नाटकाविषयी जे म्हटले तेच निराळ्या, फार उदात्त अर्थाने येथेही खरे ठरते. हसू परत आले ते या आवारांतून शिकून बाहेर पडलेली पिढी इतरांच्या संस्थांत नोकरीस लागली तेव्हा. १९८६-८७ च्या सुमारास, म्हणजे शिवपालगंज घरोघरी दिसत होते त्याच काळात, नांदेडचे दत्ता भगत यांनी 'वाटा पळवाटा' लिहिले. त्यात सतीश गोडघाटे हा दलित प्राध्यापक आहे, त्याची ब्राह्मण पत्नी हेमा आहे, बाबासाहेबांच्या काळातील आठवणींवर जगणारे काका आहेत, आणि मास्तरांच्या संयमाला पळवाट म्हणणारा अर्जुन हा विद्यार्थी आहे. प्राध्यापकाच्या दिवाणखान्यात बसून ही माणसे एकमेकांना जे बोचरे बोलतात, ते परक्याला बोललेले नाही. चमरहीतला मुलगा अखेर वर्गात आला होता, शिकला होता, शिकवीत होता, आणि आता आपल्याच विद्यार्थ्याकडून जाब ऐकत होता.

या सर्व काळात औरंगाबादेच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा प्रश्न लोंबकळत पडला होता. १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळाने ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. त्याच्या पुढच्याच वर्षी 'तृतीय रत्न' छापून आले, ही सनावळी कोणी जाणूनबुजून जुळविलेली नाही, पण ती विसरणेही कठीण आहे. ठरावाची अंमलबजावणी १४ जानेवारी १९९४ रोजी झाली, तीही नामांतर म्हणून नव्हे, नामविस्तार म्हणून. त्याच १९९४ साली संसदेने लखनौच्या आंबेडकर विद्यापीठाचा कायदा संमत केला आणि १० जानेवारी १९९६ रोजी ते अस्तित्वात आले. तेथे निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. नावासाठी तेथे कोणाला घर गमवावे लागले नाही. नाव जन्माबरोबरच मिळाले.

तेलीबागेच्या नाक्यावर संध्याकाळी रिक्षा भरतात. चालक एक पाय बाहेर टाकून, कोणत्याही विशेष भावनेवाचून, गिऱ्हाइकांना हाका घालीत असतो: पीजीआय, पीजीआय, अंबेडकर. मागच्या बाकावर वह्या मांडीवर घेऊन बसलेल्या दोघी मुलींपैकी एकीने सुटे पैसे पुढे केले आणि म्हणाली, "भैया, अंबेडकर के दो." त्याने पैसे मोजले, खिशात टाकले आणि रिक्षा सुरू केली.